दुसरी सुई

मॅडमच्या तासाला डुलकी काढायची कुणाची छाती नव्हती. मॅडम कडक होत्या म्हणून नव्हे. मॅडम फळ्यावर चुका करायच्या, म्हणून. त्याही मुद्दाम. गणित रंगात आलं की मध्येच कुठेतरी एक चूक अशी बेमालूम घुसवायच्या की बेसावध पोराने ती मुकाट वहीत उतरवून घ्यावी आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी डोकं धरून बसावं. तास संपत आला की खडू ठेवायच्या, तळहात झटकायच्या आणि वर्गाकडे वळून विचारायच्या, "सापडली का सुई?"

ज्याला सापडली त्याने पुढे यायचं, डस्टरने ती ओळ पुसायची आणि स्वतःच्या हाताने बरोबर लिहायची. कुणालाच सापडली नाही तर मॅडम एक अक्षर सांगायच्या नाहीत, पर्स उचलून चालू पडायच्या. मग पोरं कँटीनमध्ये चहा गार करत त्या गणितावर तुटून पडायची. विभागातल्या बाकी प्राध्यापकांची गणितं बिनचूक असायची आणि दुसऱ्या दिवशी कुणाला आठवायची नाहीत. मॅडमची चुकीची गणितं मात्र पोरांना नोकरीला लागल्यावरही तोंडपाठ असायची.

मॅडम याच विद्यापीठात शिकल्या, याच विभागात शिकवायला लागल्या आणि आता इथूनच निवृत्त व्हायच्या बेतात होत्या. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा सिव्हिलच्या वर्गात मुलगी म्हणून एकट्याच. ही पोर वाट चुकून आली असणार असं समजून शिपायाने त्यांना अदबीने ग्रंथालयाच्या दारापर्यंत पोचवलं होतं. त्यांनी ग्रंथालयातून एक पुस्तक घेतलं आणि परत येऊन वर्गात बसल्या. पुढे काँक्रीटला तडा जाण्याआधी त्याच्या पोटात काय चाललेलं असतं, यावर पीएच.डी. केली. गाईड म्हणजे साक्षात जमदग्नी. प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यांनी वाचलं आणि "शुद्धलेखन चांगलं आहे" एवढं बोलून परत केलं. मॅडमनी ते प्रकरण फाडून पुन्हा लिहिलं, आणि पुन्हा लिहिलं. रडल्या नाहीत असं त्या सांगायच्या. रडल्या होत्या असं त्यांचे यजमान सांगायचे. यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं आणि जीभ त्यांच्या काचांपेक्षा जास्त घासलेली. "हिने उमेदीची वर्षं भेगा मोजण्यात घालवली," ते पाहुण्यांना सांगायचे, "म्हणून आमच्या संसारात भेग पडली की आधी माप घेते आणि मग माझ्या नावावर टाकते."

अशा मॅडमच्या नाकावर एका बुधवारी माशी बसली.

विषय साधा होता. दोन टेकूंवर ठेवलेली तुळई, एक टोक टेकूच्या बाहेर लटकणारं, त्याच्यावर भार. हे गणित मॅडमनी इतक्या वर्षांत इतक्यांदा सोडवलं होतं की हात आपोआप चालत असे आणि डोकं वर्गावर नजर ठेवायला मोकळं राहत असे. त्या दिवसाची सुई त्यांनी शेवटच्या ओळीत ठेवली होती. मिलिमीटरचा आकडा मीटर समजून पुढे नेलेला. जुनी आणि सोपी सुई, वर्ग जरा पेंगुळलेला दिसला की त्या ती काढत.

"सापडली का?"

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिला सगळे शंका म्हणत, कारण ती दर तासाला शंका विचारायची आणि ती शंका दर वेळी रास्त निघायची, हे इतरांना जास्त झोंबायचं. तिने मिलिमीटरची चूक बरोबर दाखवली. मॅडमनी मान डोलावली. पण शंका खाली बसली नाही.

"मॅडम, आज दोन आहेत का?"

"दोन काय?"

"सुया. तिसऱ्या ओळीत तुम्ही अंतर उजव्या टेकूपासून घेतलंय. डाव्यापासून हवं होतं ना?"

मॅडमनी फळ्याकडे पाहिलं. तिसरी ओळ त्यांच्याच अक्षरात होती, ठसठशीत आणि आत्मविश्वासाने भरलेली. अंतर चुकीच्या टेकूपासून घेतलेलं होतं. पोरगी म्हणत होती ते खरं होतं. ही चूक त्यांनी ठेवलेली नव्हती. ती कधी झाली हेही त्यांना कळलं नव्हतं.

 पण तोंड हजरजबाबी होतं, ते डोक्याची वाट बघत थांबलं नाही.

"हो, आज दोन," त्या म्हणाल्या. "एकावर एक फुकट."

वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरच्या लंबूने, जो उभा राहिला की पंख्याला डोकं लागेल अशी सगळ्यांना धास्ती वाटे, बाक वाजवला. शंका खुश होऊन पुढे आली आणि तिने दोन्ही ओळी पुसून नीट लिहिल्या. मॅडमसुद्धा हसल्या. त्या हसण्याची त्यांना लगेचच लाज वाटली, पण तोवर ते हसून झालं होतं.

स्टाफरूममध्ये येऊन त्या पाणी प्यायल्या. खुर्चीत बसल्या आणि उठल्या. खिडकी उघडली, आवाज येतो म्हणून लावली, गुदमरतं म्हणून पुन्हा उघडली. समोरच्या टेबलावर धाकटे सर पेपर तपासत होते. हे धाकटे सर एकेकाळी मॅडमचेच विद्यार्थी, मग त्यांच्याच हाताखाली पीएच.डी., आणि आता शेजारच्या खुर्चीतले सहकारी. डोक्यावरचे केस विरळ झाले तरी विभागाने त्यांचं धाकटेपण काढून घेतलं नव्हतं.

"मॅडम, ते टाकीचं सोमवारी द्यायचं ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "दुपारी माणूस येणार आहे न्यायला. तुमची सही झाली की माझ्याकडे सरकवा, मी डोळे मिटून करतो."

मॅडमचा हात टेबलावरच्या फाइलवर पडला आणि तिथेच राहिला. मुलींच्या वसतिगृहाला लागून एक उंच पाण्याची टाकी बांधायची होती. आराखडा आणि हिशेब बाहेरच्या एका कचेरीने केले होते आणि ते तपासून देण्याचं काम विद्यापीठाने मॅडमकडे सोपवलं होतं. मॅडमची आणि धाकट्या सरांची, अशा तपासणीसांच्या दोन सह्या झाल्या की खोदकाम सुरू. मॅडमनी सगळी पानं मागच्याच आठवड्यात तपासली होती. सगळं ठीक होतं. म्हणजे बुधवारपर्यंत सगळं ठीक होतं. आता त्यांच्या डोळ्यासमोर ती तिसरी ओळ नाचत होती, आणि त्या ओळीच्या मागे वसतिगृहाच्या खिडक्यांची रांग, वाळत घातलेल्या ओढण्या, आणि वर आभाळात पाण्याने भरलेलं ते धूड.

"डोळे उघडे ठेवून करा," त्या म्हणाल्या.

धाकटे सर हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे.

तेव्हापासून मॅडमच्या जिवाला चैन पडेना. घरी त्या भाजी चिरता चिरता शंभरातून सात सात वजा करत बसू लागल्या. यजमानांनी ऐकलं आणि विचारलं, "कुणाला किती द्यायचे राहिलेत?" मॅडमनी उत्तर दिलं नाही, कारण त्या एकोणऐंशीवर होत्या आणि मध्ये बोललं असतं तर पुन्हा शंभरावर जावं लागलं असतं. गॅस बंद केला की नाही ते तीनतीनदा बघायच्या. घरातून निघून कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि कुलूप ओढून बघायला परत यायच्या. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच विभागातल्या सगळ्यांची नावं मनात म्हणून बघायच्या. एकदा भांडारपालाचं आडनाव आठवेना तेव्हा त्यांना घाम फुटला. मग लक्षात आलं की ते त्यांना कधी ठाऊकच नव्हतं.

फाइल त्यांनी घरी आणली होती. सकाळच्या उजेडात जेवणाच्या टेबलावर पानं पसरून त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे हिशेब बघायच्या. सगळं बरोबर यायचं. मग वाटायचं, बरोबर आहे म्हणून बरोबर येतंय, की बघणारी मी तीच आहे म्हणून बरोबर येतंय? की पुन्हा पहिलं पान.

या भीतीला एक चेहरा होता, आणि तो मॅडमच्या आईचा होता.

आई शाळेत गणित शिकवायची. तिचे पाढे ऐकत मॅडम मोठ्या झाल्या. तिच्या वर्गात कुणी फळ्यावरची चूक दाखवली की आई हसून म्हणायची, "बघत होते, कोणाचं लक्ष आहे!" सगळेच मास्तर म्हणतात हे. मॅडमना ते फार आवडायचं, आणि स्वतः शिकवायला लागल्यावर त्यांनी त्याच वाक्याचा खेळ केला. बोलायचं नुसतं कशाला, खरंच मुद्दाम चुकायचं, आणि पोरांना शोधायला लावायचं. सुईचा जन्म तो. पण नोकरीच्या शेवटच्या दोनेक वर्षांत आई हे वाक्य जरा जास्तच बोलायला लागली होती. दर आठवड्याला, मग रोज, मग एका तासात कितीदा तरी. पोरांना वाटायचं बाई किती मजेशीर आहेत. मुख्याध्यापकांना वाटायचं बाई किती हुशार आहेत. घरी मॅडमनाही तसंच वाटायचं. आई निवृत्त झाली, सत्कार झाला, आणि पुढच्याच वर्षी ती साताच्या पाढ्यात हरवली ती परत आलीच नाही. शेवटी शेवटी तर समोर बसलेल्या पोटच्या मुलीला तू कोण असं विचारायची, आणि मुलीने आपलं नाव सांगितलं की हसून म्हणायची, "बघत होते, तुझं लक्ष आहे का."

"एकावर एक फुकट" म्हणताना मॅडमच्या तोंडून आईच बोलली होती. त्यांना खरी धास्ती त्याची होती. चूक कुणाचीही होते. ती इतक्या सफाईने लपवता येते, आणि समोरचे टाळ्या वाजवतात, हे भयंकर होतं.

शुक्रवारी त्यांनी धाकट्या सरांना फाइलची एक प्रत दिली. "मी तपासलंय हे विसरून जा," त्या म्हणाल्या. "मी या विभागात नाहीच असं समजा. स्वतः करून बघा."

"हो, मॅडम."

"नुसतं हो नको."

"नाही, मॅडम," ते म्हणाले, आणि दोघंही हसले.

देण्याआधी मॅडमनी एक गोष्ट केली होती. त्या प्रतीत चौथ्या पानावर वाऱ्याच्या दाबाचा आकडा पुसून, तसल्याच शाईने त्याच्या निम्मा लिहून ठेवला होता. कोपऱ्यावर आपली तपासल्याची खूण तशीच ठेवली होती. स्वतःच्याच विद्यार्थ्याला गंडवायचं म्हणजे हलकटपणा आहे हे त्यांना कळत होतं. पण त्यांना जाणून घ्यायचं होतं.

फाइल त्याच दुपारी परत आली. पानापानावर हिरव्या शाईने बरोबरची खूण. चौथ्या पानावर तर दोन, कारण पहिली पुसट उमटली होती.

"मस्त आहे सगळं," धाकटे सर म्हणाले.

मॅडमनी चौथं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि बोट दाखवलं. धाकट्या सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. कानाच्या पाळ्यांपासून सुरुवात होऊन त्यांचा सगळा चेहरा लाल झाला.

"मॅडम, वर तुमची खूण होती," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या खुणेखाली चूक शोधायची म्हणजे... डोळा तिथे थांबतच नाही हो. तुम्ही पाहिलंय म्हणजे झालं, असं होतं आपोआप."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच."

ते कौतुक होतं. त्यांना तसंच म्हणायचं होतं. मॅडमना मात्र एखाद्या उंच जागी कुणीतरी एकटं सोडून शिडी काढून न्यावी तसं वाटलं. धाकट्या सरांना रागवावंसं वाटलं. रागवायचं कुणावर? त्यांची सगळी हयात हा विश्वास मिळवण्यात गेली होती. वाट चुकून आलेली पोर समजून ज्यांना ग्रंथालयात सोडलं होतं, त्यांच्या खुणेखाली आता कुणाचा डोळा थांबत नव्हता. मिळवायचं ते मिळालं होतं, आणि त्याची आता भीती वाटत होती.

रविवारी यजमानांनी विषय काढला. त्यांनी चार दिवस कळून न कळल्यासारखं केलं होतं, पण त्या दिवशी मॅडमनी चहात मिठाऐवजी साखरच घातली आहे ना हे बघायला तो तीनदा चाखून बघितला, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"काय झालंय ते सांगणार आहेस, का मी गिऱ्हाइकासारखं अंदाजाने विचारू? हे स्पष्ट दिसतं का, ते स्पष्ट दिसतं?"

मॅडमनी सांगितलं. तिसरी ओळ, दोन सुया, हसू, टाकी, चौथं पान. आईचं नाव घेताना त्या उठून सिंकपाशी गेल्या, नळ सोडला, बंद केला. यजमान उठले नाहीत. त्यांना माहीत होतं की आत्ता जवळ गेलं तर ही बोलायची थांबेल.

"अहो, मी पुन्हा पुन्हा बघतेय. सगळं बरोबर येतंय. आता अजून काय करू?"

"काही करू नकोस. तू बघायचं थांब."

"म्हणजे?"

"अगं, मी आयुष्यभर लोकांचे नंबर काढतोय. माझे डोळे कोण तपासतं?"

"कोण?"

"समोरचा. तो चोर, ज्याने माझी निम्मी गिऱ्हाइकं पळवली. दर वर्षी गुपचूप त्याच्याकडे जाऊन खुर्चीत बसतो. स्वतःच्या दुकानातला तक्ता मला पाठ आहे, मी काय कपाळ वाचणार तो? मला दिसत नसलं तरी दिसतंय असंच वाटणार." ते वर्तमानपत्र उचलायला वाकले. "आणि आईंचं म्हणशील, तर डॉक्टरला दाखवू. मी येतो बरोबर. पण टाकी डॉक्टर बघणार नाही."

मॅडमनी ते ऐकून घेतलं. चिडल्याही. इतकी वर्षं आपण ज्याला टवाळ समजत आलो, त्याला साधी गोष्ट आपल्याआधी दिसावी याचा राग. मग राग ओसरला.

सोमवारी सकाळी पहिला तास. मॅडम वर्गात आल्या त्या फाइल घेऊन. आपल्या खुणा झाकून, मूळ हिशेबांच्या प्रती काढून आणल्या होत्या, त्यांनी त्या बाकाबाकावर वाटल्या. मग खडू घेतला, पण फळ्यावर काही लिहिलं नाही.

"बुधवारची दुसरी सुई मी ठेवली नव्हती," त्या म्हणाल्या.

वर्ग हसला. हसणारच. मॅडमची नवीन चाल. लंबू मागून ओरडला, "म्हणजे आज तीन!" आणि पुन्हा हशा. मॅडम थांबल्या. हसू विरेपर्यंत थांबणं सोपं नव्हतं. त्यांनी टेबलाची कड धरली होती. एक सोपं वाक्य तोंडाशी येऊन उभं होतं, ते बोललं असतं तर सगळं पहिल्यासारखं झालं असतं आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या असत्या. त्यांनी ते गिळलं.

"ती माझी चूक होती," त्या म्हणाल्या. "खरीखुरी. मी ठेवलेली सुई एकच होती. दुसरी मला दिसलीच नाही. आणि शंकाने दाखवल्यावर मी तुमच्याशी खोटं बोलले."

आता कुणी हसलं नाही. शंका खाली बघू लागली, जसं काही तिनेच काही केलं होतं.

"तुमच्या हातात वसतिगृहाच्या टाकीचे हिशेब आहेत. गणित खरं आहे, टाकी खरी आहे. ते मी तपासलेत आणि मला ठीक वाटलेत. आज दुपारी त्यावर माझी सही हवी आहे. यात चूक आहे की नाही, मला माहीत नाही. आज मी काही लपवलेलं नाही. मला उत्तर माहीत नसलेला हा माझा पहिला तास."

"पण मॅडम, तुम्ही तपासलंय ना," कुणीतरी म्हणालं.

"ते विसरा. मलाही विसरता येत नाही, पण तुम्ही विसरा."

तुळया, खांब, पाया. एक एक ओळ मोठ्याने वाचायची, आकडा वहीत करून बघायचा, मग पुढे. सुरुवातीला पोरं संकोचत होती. मॅडम फळ्यावर उतरवून घेत होत्या आणि दर ओळीला मागे वळून थांबत होत्या. भरलेल्या टाकीचा भाग निर्वेध पार पडला. मग वाऱ्याचं पान आलं. मॅडमनी समजावून सांगितलं, कारण शिकवल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. भरलेली टाकी जड असते, तिला वारा सहजी हलवू शकत नाही. वारा सुटला की भ्यायचं ते रिकाम्या टाकीला. तिला जमिनीशी धरून ठेवायला तिचं स्वतःचं वजन तेवढं असतं. म्हणून हे पान वेगळं.

"टाकी रिकामी," त्यांनी वाचलं. "वारा एवढा. एकूण वजन एवढं. वजन पुरून उरतंय. ठीक?"

पेनं चालत होती. बऱ्याच माना हलल्या. मॅडमनी पुढच्या ओळीसाठी हात वर केला.

"मॅडम," शंका म्हणाली. ती उभी राहिली नव्हती. आवाज इतका बारीक होता की पहिल्या बाकालाच ऐकू गेला असेल. "टाकी रिकामी आहे ना?"

"हो."

"मग हे वजन... हे मागच्या पानावरचंच आहे. भरलेल्या टाकीचं. तसंच पुढे आणलंय."

मॅडमनी पान उलटलं. मागचं पान, पुढचं पान. तोच आकडा. रिकाम्या टाकीत कुणीतरी सगळं पाणी मोजून ठेवलं होतं. कचेरीतल्या कुणीतरी एक आकडा उचलून पुढे ठेवला होता, आणि मॅडमचा डोळा त्याच्यावरून इतक्यांदा घसरून गेला होता की त्यांना तो आकडा पाठ झाला होता. पाणी काढून टाकलं तर उरलेलं वजन वाऱ्याला पुरं पडत नव्हतं. हे कळायला कागदपेन लागत नव्हतं. त्यांना उभ्या उभ्या कळलं.

वर्गात कुणीही बाक वाजवला नाही. सगळे मॅडमच्या तोंडाकडे बघत होते. लंबूने मागून विचारलं, आणि त्याच्या आवाजात इतकं आर्जव होतं की मॅडमना त्याची दया आली, "मॅडम, ही मुद्दाम आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मला दिसली नाही. कितीतरी वेळा बघूनही दिसली नाही."

त्यांना भयंकर लाज वाटली आणि भीती तर काही केल्या जात नव्हती. आईचं होतं, की वयाचं, की नुसतं पाठ झाल्याचं, ते अजून कळायचं होतं. आज ना उद्या ते विचारायला जायचं होतं. पण टाकीवर सही होणार नव्हती, हे मात्र ठरलं होतं. आणि यापुढे कुठल्याच कागदावर त्यांच्या एकटीच्या डोळ्यांची सही होणार नव्हती, हेही त्या दुपारी विभागप्रमुखांना सांगायचं त्यांनी तिथेच उभ्या उभ्या ठरवलं.

"पुढची पानं राहिलीत," त्या म्हणाल्या, आणि खडू उचलला, पण फळ्याकडे वळल्या नाहीत.

शंका जागेवरून उठली. पुढे आली आणि तिने हात पुढे केला. मॅडमनी तिला खडू दिला. मग त्या बाकांच्या मधून चालत थेट मागे गेल्या. लंबूने गडबडीने पाय आत ओढून घेतले आणि भिंतीकडे सरकून जागा केली. मॅडम त्याच्या शेजारी बसल्या आणि हिशेबाची प्रत दोघांच्या मध्ये ठेवली.

शंकाने रिकाम्या टाकीचं वजन पहिल्यापासून मांडलं. खांब, तळ, भिंती, झाकण. पाणी नाही. बेरीज केली, आकड्याखाली रेघ ओढली आणि वळली.

"मॅडम, बरोबर?"

मॅडमनी ओळ वाचली. उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण बोलण्याआधी त्यांनी शेजारी लंबूकडे पाहिलं. तो अजून बेरीज करत होता, बोटाने आकडा धरून. मॅडम त्याची बेरीज होईपर्यंत थांबल्या.